लिबरऑफिस रायटर मराठी दस्तऐवजांसाठी वापरायला कितपत सोपा? चाचणीचा आराखडा

मुद्रितशोधक :
"वर्ड बरं की रायटर (लिबरऑफिसमधला लेखनाचा प्रोग्राम)?" हा प्रश्न इथे वरचेवर येतो आणि ज्याच्या हाताला जे बसलंय ते तो सांगतो. कार्यालयाने किंवा संस्थेने प्रोग्राम बदलायचा तर एवढ्यावर भागत नाही. आयएसओ ९२४१-११ हे मानक सुलभतेबद्दल बोलताना आधी तीन गोष्टी पक्क्या करायला लावतं : वापरणारे कोण, त्यांना काय साधायचंय आणि कुठल्या परिस्थितीत. त्या ठरल्या की मग मोजायचं, काम पुरं होतं का, किती वेळ आणि मेहनत लागते, आणि करणारा समाधानी आहे का.

मराठी कचेरीकाम डोळ्यांपुढे ठेवून मी आराखडा मांडतो. चाचणीचा दस्तऐवज १२ पानांचा अहवाल : ९ शीर्षकं, एक अनुक्रमणिका, एक ११ रकान्यांचा तक्ता जो उभ्या पानावर मावत नाही, आणि मराठीत मध्येमध्ये इंग्रजी शब्द नि आकडे. कामं पाच :

१. सगळी शीर्षकं एकाच वेळी १६ पॉइंटची करायची.
२. फक्त मोठ्या तक्त्याचं पान आडवं करायचं.
३. पृष्ठक्रमांक मुखपृष्ठावर नको, पुढच्या पानापासून १ हवा.
४. एका शीर्षकाचे शब्द बदलायचे आणि अनुक्रमणिकेतही ते बदललेले दिसले पाहिजेत.
५. एक शब्द संपूर्ण अहवालात बदलायचा.

काम लिहून देताना मेनूतले शब्द टाळा. "हेडिंग १ ही स्टाइल मॉडिफाय करा" असं लिहिलंत की तुम्ही उत्तरच हातात दिलंत. "सगळी मोठी शीर्षकं थोडी लहान हवी आहेत, एकेक बदलत बसायला वेळ नाही" असं लिहा. साहेब सांगतात त्या भाषेत.

आणि "पूर्ण" कशाला म्हणायचं ते चाचणीआधी ठरवा. पहिल्या कामात कुणी नऊही शीर्षकं हाताने निवडून १६ पॉइंटची केली तर कागदावर सगळं ठीक दिसतं, पण रचनेत, म्हणजे शीर्षकांच्या स्टाइलमध्ये (नाव देऊन एकदाच ठरवलेल्या स्वरूपात), काम झालेलं नसतं. नोंदीत तीन रकाने ठेवा : रचनेसह पूर्ण, फक्त दिसायला पूर्ण, अपूर्ण. मधला रकाना फार महत्त्वाचा. दृश्य संपादकाचा (छापल्यावर दिसेल तसंच पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) मोठा धोका हाच, की पडद्यावर बरोबर दिसणारी गोष्ट आतून चुकीची असू शकते आणि ती सहा महिन्यांनी दुसऱ्याच माणसाच्या अंगावर येते.

देवनागरीच्या बाजूने काय घालावं, ते जाणकारांनी सांगावं.

कळफलक :
देवनागरीची पहिली अडचण फॉन्टच्या खणांची. रायटर प्रत्येक मजकुराला फॉन्ट लावताना लिपीचे तीन गट धरतो : पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल. देवनागरी सीटीएलमध्ये येते. प्रत्येक गटाचा फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, भाषाही वेगळी. एफ११ दाबून स्टाइल्स उघडा, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर उजवी क्लिक करून बदलायला घ्या, फॉन्टचा टॅब बघा. वरच्या खणात १४ केलं आणि सीटीएलच्या खणात १२ राहिलं तर परिच्छेदातला इंग्रजी शब्द मोठा होतो आणि मराठी जागचं हलत नाही. वापरणाऱ्याला वाटतं, बदल लागलाच नाही. तो पुन्हा करतो, मग कंटाळून मजकूर निवडतो आणि वरच्या पट्टीतून आकार देतो. इथून पुढे स्टाइल निरुपयोगी होते, कारण हाताने दिलेलं स्वरूपण स्टाइलवर मात करतं.

त्यात आकड्यांचा घोळ. 1, 2, 3 हे अंक स्वतःचा गट धरत नाहीत, आधीच्या अक्षराच्या गटात जातात. "सन 2024" मधला आकडा मराठी फॉन्टमध्ये दिसतो आणि "Form 2024" मधला इंग्रजी फॉन्टमध्ये. एकाच पानावर दोन जाडीचे आकडे दिसले की लोक फॉन्ट खराब आहे म्हणतात. चाचणीच्या तक्त्यात असे दोन्ही प्रकारचे आकडे ठेवा.

चाचणीआधी टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेज सेटिंग्जमध्ये (नव्या आवृत्त्यांत लँग्वेजेस अँड लोकेल्स) सीटीएल सुरू आहे आणि तिथली भाषा मराठी आहे, एवढं तपासा. हिंदी राहिली तर शुद्धलेखन तपासणी चुकीच्या शब्दकोशाने होते. शिवाय ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथे भाषेच्या खुणेप्रमाणे अक्षराचा आकार बदलतो. भाषेच्या यादीत नावाशेजारी बरोबरची खूण नसेल तर त्या भाषेचा शब्दकोश बसवलेला नाही. अशा वेळी एकही लाल रेघ उमटत नाही आणि माणूस समजतो की सगळं शुद्ध आहे.

शाईदौत :
कळफलक, एक प्रश्न. ही सेटिंग्ज आपणच आधी नीट करून ठेवली तर चाचणी खोटी नाही का होणार? घरी किंवा तालुक्याच्या कचेरीत नवा प्रोग्राम बसवणाऱ्याला हे कोण करून देणार?

कळफलक :
म्हणून दोन वेगळ्या चाचण्या धराव्यात. पहिली "बसवल्यावर लगेच" : काम एकच, एक मराठी परिच्छेद टंकून त्याचा फॉन्ट आणि आकार बदलायचा, सेटिंगला आपण हात लावायचा नाही. दुसरी मुद्रितशोधकांच्या पाच कामांची, सेटिंग नीट करून. एकीचे निष्कर्ष दुसरीत मिसळू नका. संगणक विभाग सगळ्या यंत्रांवर एकसारखा साचा (टेम्पलेट) घालून देणार असेल तर दुसरीला जास्त वजन, नसेल तर पहिलीला.

समास :
किती माणसं घ्यायची यावर हमखास वाद होतो, म्हणून आकडे देतो. "पाच जण पुरे" हा नियम सुलभतेचे अभ्यासक निल्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या सूत्रावर उभा आहे. एखादी अडचण एका माणसाला येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली तर ५ जणांत सुमारे ८४ टक्के अडचणी निदान एकदा दिसतात. पण ३१ टक्के ही त्यांच्या प्रकल्पांची सरासरी आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण ५ जणांच्या चाचणीत दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. आणि पाचही जण एकाच प्रकारचे वापरकर्ते आहेत हे यात गृहीत आहे.

आपल्याकडे गट निदान तीन पडतात : रेमिंग्टन पद्धतीने (जुन्या टंकयंत्राच्या मांडणीने) टंकणारे, इन्स्क्रिप्टवाले (भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकाचे), आणि रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहिणारे. प्रत्येकी ५, म्हणजे १५ जण. एकदम १५ घेण्यापेक्षा पाचपाचच्या तीन फेऱ्या करा, प्रत्येक फेरीत तिन्ही गटांतले लोक ठेवा, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये साचा आणि सूचना सुधारा.

ही संख्या अडचणी शोधायला ठीक आहे, टक्केवारी छापायला नाही. ५ पैकी ४ जणांना काम जमलं म्हणून "८० टक्के यश" असं अहवालात लिहू नका. अ‍ॅडजस्टेड वाल्ड पद्धतीने ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर खरा आकडा सुमारे ३६ ते ९८ यांमध्ये कुठेही असू शकतो. "५ पैकी ४" असंच लिहावं.

वेळ मोजायची असेल तर बोलत-बोलत काम करायला लावू नका. मनात काय चाललंय ते बोलण्यात वेळ जातो आणि कधीकधी बोलताना माणसाला उत्तरही सुचतं. बोलून करायची बैठक वेगळी, घड्याळाची वेगळी. वेळेची साधी सरासरी टाळा, कारण एकजण ठिकठिकाणी अडखळत २० मिनिटं घेऊन बसला की ती फुगते. मध्यक घ्या, म्हणजे वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी.

रेघोटी :
दुसऱ्या कामाबद्दल सविस्तर लिहिते, कारण वर्डमधून आलेला माणूस इथे हमखास अडतो.

वर्डमध्ये पानाची दिशा सेक्शनला, म्हणजे दस्तऐवजाच्या वेगळ्या केलेल्या भागाला लागते. रायटरमध्ये ती पानाच्या स्टाइलला लागते. वर्डची सवय असलेला माणूस तक्त्याच्या पानावर कर्सर ठेवतो, फॉरमॅटमधून पेज स्टाइल उघडतो, लँडस्केप निवडतो, ओके करतो. सगळीच्या सगळी १२ पानं आडवी होतात, कारण ती सगळी एकाच डिफॉल्ट पेज स्टाइलची आहेत. अन्डू करून तो पुन्हा तेच करून बघतो.

नीट वाट अशी : तक्त्याच्या आधीच्या ओळीच्या शेवटी कर्सर, इन्सर्ट, मोअर ब्रेक्स, मॅन्युअल ब्रेक, त्यात पेज ब्रेक, खालच्या यादीतून लँडस्केप ही स्टाइल. तक्ता संपल्यावर तसाच ब्रेक, या वेळी डिफॉल्ट पेज स्टाइल. एवढं जमलं तरी पुढे गंमत नाही, अडचणच आहे. पानाच्या तळाची पट्टी, म्हणजे फूटर, तीही पानाच्या स्टाइलची मालमत्ता. लँडस्केप स्टाइलमध्ये फूटर बंद असतो, म्हणून आडव्या पानावर पृष्ठक्रमांक दिसत नाही. तो वेगळा सुरू करून त्यात क्रमांकाचं फील्ड (आपोआप बदलणारा आकडा) पुन्हा घालावं लागतं. निरीक्षकाने इथे मुद्दाम बघायचं की क्रमांक गेल्याचं माणसाच्या लक्षात येतं का. बरेचदा पीडीएफ छापून हातात येईपर्यंत येत नाही.

तिसऱ्या कामातही असाच सापळा. पृष्ठक्रमांक १ पासून सुरू करायचा तर त्याच मॅन्युअल ब्रेकच्या खिडकीत पानाचा क्रमांक बदलण्याची सोय आहे. लोक मात्र क्रमांकाच्या फील्डवर दोनदा क्लिक करून ऑफसेटच्या खणात आकडा घालतात. ऑफसेट म्हणजे "इतक्या पानांपलीकडच्या पानाचा क्रमांक दाखव". तसं पान अस्तित्वात नसेल तर जागा कोरी राहते. दुसऱ्या खंडाचं पहिलं पान २५ असावं म्हणून कुणी २४ घातलं, आणि खंड २० पानांचा असला, तर एकाही पानावर क्रमांक दिसणार नाही. खणाच्या नावावरून हे कळायला मार्ग नाही, म्हणून याला मी गंभीर दोष म्हणेन.

७.६ आवृत्तीपासून इन्सर्टमध्ये पृष्ठक्रमांकाची सोपी खिडकी आली आहे. मुख्यतः जागा वर की खाली, डावी, मधली की उजवी, हे विचारते. त्यामुळे अहवालात आवृत्तीचा पूर्ण क्रमांक हवाच, नाहीतर निष्कर्ष कशाबद्दल आहेत तेच कळणार नाही.

मुद्रितशोधक :
रेघोटी, फारच उपयोगी. पहिल्या कामासाठी मी एक भर घालतो. ९ पैकी २ शीर्षकांना आधीच हाताने ठळक आणि १८ पॉइंटचं करून ठेवा. स्टाइल बरोबर बदलणाऱ्याची ७ शीर्षकं बदलतील, २ बदलणार नाहीत. खऱ्या कचेरीतले दस्तऐवज असेच हातोहात फिरलेले असतात. इथे माणूस कारण शोधतो की हार मानतो, ते बघायचं. उपाय सोपा आहे, शीर्षक निवडून कंट्रोल-एम दाबलं की हाताने दिलेलं स्वरूपण निघून जातं. पण तो सापडायला "हाताने दिलेलं" आणि "स्टाइलने दिलेलं" असे दोन थर आहेत हे कळावं लागतं, आणि नेहमीचा पडदा ते दाखवत नाही. ७.१ पासून स्टाइल इन्स्पेक्टर आहे, तो हे थर उलगडून दाखवतो. तो कुणाला आपणहून सापडतो का, याची नोंद करा.

तपासणीची सोपी खूण : चाचणी संपल्यावर एफ५ दाबून नॅव्हिगेटर उघडा. हेडिंग्जखाली नऊही शीर्षकं दिसली तर रचना खरी. रिकामं असेल तर सगळं नुसतं मोठ्या अक्षरात टंकलेलं आहे.

टंकनिका :
टंकनाची अडचण आणि प्रोग्रामची अडचण वेगळी काढा. सुरुवातीला प्रत्येकाकडून साध्या नोटपॅडमध्ये १०० मराठी शब्द टंकून घ्या, वेळ आणि चुका नोंदवा. ही झाली त्याची पायारेषा. रेमिंग्टनची सवय असलेल्याला इन्स्क्रिप्टवर बसवलं तर तो रायटरवर चिडलेला दिसेल, पण दोष रायटरचा नसेल.

रायटरच्या आतही बारीक बघण्यासारखं आहे. बॅकस्पेस आणि डिलीट देवनागरीत एकसारखं वागत नाहीत. "कि" च्या शेवटी बॅकस्पेस दाबलं तर फक्त वेलांटी जाते, क राहतो. "कि" च्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबलं तर अख्खं अक्षर जातं. वेलांटी चुकली की बॅकस्पेस सोयीचं पडतं, म्हणून हा फरक कामाचा आहे, पण पडद्यावर तो कुठेही दिसत नाही. चाचणीत "वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करा" अशा दहा दुरुस्त्या द्या आणि किती वेळा पूर्ण अक्षर चुकून पुसलं गेलं ते मोजा.

पाचव्या कामासाठी शब्द निवडा "दुसऱ्या". डोळ्यांना एकच दिसणारा हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. कळफलक बदलला की तऱ्हा बदलते. अहवालात हा शब्द १० ठिकाणी ठेवा, ६ पहिल्या तऱ्हेने, ४ दुसऱ्या. साध्या शोधात तुम्ही टंकाल तीच तऱ्हा सापडते. माणूस "रिप्लेस ऑल" करतो, प्रोग्राम सांगतो ६ बदलले, आणि तो निर्धास्त पुढे जातो. खात्री करायची तर संशयित अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, युनिकोड क्रमांक दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. उपाय एकच, दोन्ही तऱ्हांनी दोनदा शोधायचं.

शाईदौत :
जुन्या फॉन्टातल्या फायलींचं काय? श्रीलिपी, कृतिदेव, सुरेखच्या काळातले दस्तऐवज अजून ढीगभर आहेत.

टंकनिका :
ते चाचणीत मिसळू नका, वेगळी नोंद ठेवा. त्या फायलींत आत रोमन संकेत असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी मुखवटा चढवतो. रायटरच्या लेखी तो इंग्रजी मजकूर, म्हणून त्याला पाश्चात्त्य खणातला फॉन्ट लागतो आणि शब्दकोश तिथे काहीच करू शकत नाही. स्टाइलचा फॉन्ट बदलला की पान गिचमिड होतं. हा रूपांतराचा प्रश्न आहे, आधी युनिकोडमध्ये आणा आणि मग संपादन करा.

समास :
समाधान मोजायला बहुतेक लोक एसयूएस (सिस्टम युजेबिलिटी स्केल) ही प्रश्नावली वापरतात. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना ती तयार केली, छापून आली १९९६ मध्ये. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५. विषम क्रमांकाची विधानं प्रोग्रामच्या बाजूची, सम क्रमांकाची विरुद्ध. विषम उत्तरांतून १ वजा करायचा, सम उत्तरं ५ मधून वजा करायची, सगळी बेरीज गुणिले २.५.

उदाहरण : विषम उत्तरं ४, ४, ३, ४, ३. एकेक वजा केल्यावर बेरीज १३. सम उत्तरं २, २, ३, २, २. पाचातून वजा केल्यावर १४. एकूण २७, गुणिले २.५, म्हणजे ६७.५. अनेक अभ्यासांची सरासरी ६८ च्या आसपास धरली जाते, तेव्हा हा गुण साधारण मधला. याला टक्केवारी म्हणू नका.

सगळ्या दहा विधानांना ४ किंवा ५ देणारा माणूस आढळला तर त्याने उलटी विधानं वाचलेली नाहीत. त्याच्याशी बसून पुन्हा भरून घ्या. मराठी तर्जुमा एकदा पक्का केला की तोच शेवटपर्यंत. मधेच सुधारलात तर आधीचे गुण बाद. आणि प्रश्नावली पाचही कामं संपल्यावर, चर्चा सुरू होण्याआधी द्या. तुम्ही उपाय समजावून सांगितल्यावर प्रोग्राम सगळ्यांनाच सोपा वाटतो.

ओळअंतर :
परिस्थितीबद्दल. मोठ्या पडद्यावर चाचणी घेऊन १३६६ बाय ७६८ च्या यंत्रावर प्रोग्राम बसवला जातो, तिथे निष्कर्ष फिरतात. त्या रुंदीत साइडबार उघडा ठेवला की पान आक्रसतं आणि पट्टीवरची शेवटची बटणं बाणाच्या मागे लपतात. ज्या पडद्यावर काम होणार, त्यावरच चाचणी.

व्ह्यू, यूजर इंटरफेसमध्ये साधी पट्टी, टॅबवाली पट्टी असे पर्याय आहेत. टॅबवाली ६.२ पासून सगळ्यांना खुली आहे. वर्डवाल्यांना ती ओळखीची वाटते, पण इथे मेनूच्या वाटा सांगितल्यात त्या साध्या पट्टीच्या. एका फेरीत एकच ठेवा. प्रत्येक माणसाआधी हेल्पमधून सेफ मोडमध्ये सुरू करून प्रोफाइल (साठलेली सेटिंग्ज) कोरी करा आणि तुमचा साचा परत घाला. नाहीतर आधीच्या माणसाने हलवलेली पट्टी पुढच्याला मिळते.

डॉकएक्सची (वर्डच्या फायलींची) देवाणघेवाणही परिस्थितीचाच भाग. विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय, लिनक्सवर लोहित किंवा नोटो, आणि प्रत्येकाची ओळीची उंची वेगळी. फॉन्ट बदलला की १२ पानांची १३ होतात आणि दोष रूपांतराच्या माथी जातो. दोन्हीकडे एकच फॉन्ट बसवा, किंवा फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्टमध्ये जाऊन तो दस्तऐवजात एम्बेड करा. मग जे उरेल ते खरं रूपांतराचं : याद्यांचे क्रमांक, चौकटींच्या जागा, तक्त्याच्या रुंद्या.

रेघोटी :
अनुक्रमणिकेचं राहिलं. रायटरमध्ये ती हाताने बदलण्यापासून संरक्षित असते. लोक थेट तिच्यातच टंकायला जातात, प्रोग्राम अडवतो. अडवतो ते योग्यच. पण पुढे काय करायचं ते तिथल्या तिथे सांगत नाही. उजवी क्लिक, अपडेट इंडेक्स, एवढंच करायचं असतं. काहीजण संरक्षण काढून हाताने टंकतात आणि पुढच्या अपडेटला ते सगळं पुसलं जातं.

निरीक्षकाने अशा वेळी तोंड आवरावं. "मेनूत बघा ना" म्हणालात की ते काम मदतीने झालं असं लिहावं लागतं. "आता काय शोधताय?" आणि "मी इथे नसतो तर काय केलं असतंत?" हे दोन प्रश्न पुरतात. तीन मिनिटं एकाच जागी अडकला तर काम थांबवा आणि अपूर्ण लिहा.

शाईदौत :
निष्कर्ष लिहायचे कसे? नुसतं "लोकांना स्टाइल्स कळल्या नाहीत" लिहून कुणी दखल घेत नाही.

मुद्रितशोधक :
निल्सनची ० ते ४ ची तीव्रता वापरा : ० दोष नाही, १ दिसण्यापुरता, २ किरकोळ, ३ मोठा, ४ अनर्थ. दोघातिघांनी एकमेकांना न विचारता आकडा द्यावा, मग बसून पक्का करावा. माझ्या मते माणसाला कळल्याशिवाय चुकीचा दस्तऐवज बाहेर जातो त्याला थेट ४. म्हणजे "दुसऱ्या" चा शोध ४, आडव्या पानावरचा हरवलेला क्रमांक ३, कारण तो निदान छापल्यावर दिसतो, सगळी पानं आडवी होणं २, कारण ते लगेच दिसतं आणि अन्डू होतं. तिथे चिडचिड जास्त होते म्हणून आकडा वाढवू नका.

प्रत्येक नोंदीत माणसाने काय केलं, पडद्यावर काय झालं, त्याला काय वाटलं, खरं कारण काय, एवढं हवं. नमुना देतो. "काम ३, ५ पैकी ३ जणांनी फील्डच्या ऑफसेटमध्ये आकडा घातला. क्रमांक नाहीसा झाला. तिघांनाही वाटलं, फील्ड पुसलं गेलं. कारण : ऑफसेट सुरुवातीचा क्रमांक ठरवत नाही, दुसऱ्या पानाकडे बोट दाखवतो. तीव्रता ३."

साच्याने किंवा प्रशिक्षणाने सुटणाऱ्या नोंदी आपल्याकडे ठेवा. लँडस्केप स्टाइलमध्ये फूटर आधीच सुरू करून दिला की रेघोटींनी लिहिलेली अडचण उरत नाही. प्रोग्राममध्येच सुधारायच्या त्या लिबरऑफिस सांभाळणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलावर (दोष नोंदवायच्या संकेतस्थळावर) टाका. आधी तीच तक्रार तिथे आहे का ते शोधा. नसेल तर आवृत्ती, पायऱ्या, अपेक्षित काय, घडलं काय, आणि त्या अडचणीपुरती एक पानाची फाइल जोडा. १२ पानांचा अख्खा अहवाल जोडला तर तपासणारा कुठे बघणार?

टंकनिका :
फाइल जोडताना ती ओडीटीतच (रायटरच्या मूळ स्वरूपात) जोडा. डॉकएक्समधून गेली की अडचण मूळची की रूपांतराची हे सांगता येत नाही. देवनागरीची तक्रार असेल तर फॉन्टचं नाव आणि आवृत्ती लिहा, आणि ज्या अक्षराची तक्रार आहे त्याचे ऑल्ट-एक्सने मिळालेले क्रमांक मजकुरात द्या. तपासणाऱ्याला मराठी वाचता येत नसलं तरी त्याला अडचण उभी करून बघता येते.